घरभर रेंज

भांडुप (प.)
१८ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप सौ. आयेस,
कृणालचा सा. न. वि. वि.

मी इकडे बरा आहे. तिकडची खुशाली तुझ्या अक्षरात वाचली की मला खरी वाटते. फोनवर ती कळत नाही. तू खिडकीतून डोकं बाहेर काढून बोलतेस, निम्मं वारा घेऊन जातो, उरलेलं सगळी आळी ऐकते आणि माझ्या वाट्याला ‘जेवलास का’ एवढंच येतं.

म्हणून दिवाळीत आलो तेव्हा ते सगळं केलं. तुला तो पोरखेळ वाटला, पण मी तीन कंपन्यांची सिमं तीन फोनांत घालून घर मुद्दाम फिरत होतो. जुन्या कंपनीची रेंज आपल्याकडे फक्त खिडकीच्या त्या खिळ्यापाशी येते, जिथे तू फोन पिशवीत घालून टांगतेस. तिसरी कंपनी ओट्यापर्यंत येते आणि देवघरापाशी जाते. नवी कंपनी घरभर आहे. माळ्यावर आहे, मोरीत आहे, मागे बोंबील वाळवायच्या वलांडीखालीसुद्धा आहे. प्रत्येक जागी दोनदा बघितलं, सकाळी आणि दुपारी, कारण हवेने फरक पडतो म्हणतात.

तेव्हा ठरवलं आहे की तुझा, बाबांचा, बोटीवर त्यांच्यासोबत असतो म्हणून काकांच्या दिपेशचा आणि माझा असे चारही नंबर नव्या कंपनीकडे न्यायचे. नंबर तेच राहतात, कंपनी बदलते. एकाच घरचा प्लॅन होतो आणि त्यातच घरी वायफायची पेटी बसते. मग दर रविवारी मी तुला बघून बोलेन.

इथे खोलीत मिहिर होता, तो लग्न करून कल्याणला गेला. आता कामावरून आलो की आतून कडी लावतो आणि सकाळपर्यंत कुणाशी बोलायचं काम पडत नाही. गोदामात दिवसभर औषधांच्या खोक्यांवरच्या तारखा वाचतो, त्याही मनातच. रडगाणं गात नाही, आपलं सांगितलं.

बाबांना सांग, बोटीवर माझा काही उपयोग झाला नाही, निदान एवढं तरी मला नीट करू द्या.

माया आहे तशी राहू दे.

तुझा,
कृणाल

---

मनोरी
२६ नोव्हेंबर २०२४

चि. कृणालास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. तुझ्यासारखा मुलगा मोरीत उभा राहून हातात तीन फोन घेऊन डोळे मिटतो, हे दिपेशच्या बहिणीने, आपल्या रोशनीने अख्ख्या आळीला सांगितले आहे. तिला हसू दे. मला बरे वाटले. माझ्या घराची कुणी एवढी काळजी केली नव्हती.

बाबांना तुझा निरोप सांगितला. ते जाळे शिवत बसले होते. घरात रेंज घेऊन मी काय करू, घरात मी असतो कुठे, एवढे म्हणाले आणि पुन्हा सुतळीत डोके घातले. तू मनाला लावून घेऊ नकोस. शेवटी हो म्हणाले. दिपेश तर एका पायावर तयार आहे, त्याला क्रिकेट बघायचे आहे.

मला विचारशील तर फोनचे माझे काम एकच. संध्याकाळी बोट परतीला लागली की बाबा समुद्रातून एक रिंग देतात आणि कापतात. मग मी भात टाकते, बर्फवाल्याला सांगते आणि टोपली घेऊन बंदरावर जाते. बोट खाडीत शिरेपर्यंत भात होतो. तू लहान असताना ती रिंग ऐकली की पाट मांडायचास, आठवते का? तेवढी एक रिंग राहिली तर बाकीचे तुझ्या मनासारखे कर.

एकटा राहतोस तर कडी लावण्याआधी शेजाऱ्याशी दोन शब्द बोलत जा. खानावळीचे तिखट सोसत नसेल तर थोडी सुकट पाठवते, भात आणि सुकट तुला येते.

तुला पत्र लिहायला मला आवडते. तू वाचत राहा.

आये

---

भांडुप (प.)
१७ डिसेंबर २०२४

तीर्थरूप सौ. आयेस,
सा. न. वि. वि.

पेटी बसवून आलो त्यालाही आता दिवस झाले. रविवारी तू फोनच्या पडद्यावर दिसलीस. तू नवी साडी नेसून बसली होतीस आणि मागे सगळी आळी. हेमांगी मावशी, तिच्या सुना, ती पोरं. प्रत्येकाने मला जेवलास का विचारलं. मी सगळ्यांना हो म्हटलं. खरं तर तुझ्याशी बोलायचं तसंच राहिलं, म्हणून पुन्हा कागद घेतला.

रिंगची काळजी करू नकोस. आता तू मोरीत असलीस, माळ्यावर असलीस, तरी ती ऐकू येईल. खिळा काढून टाक हवा तर.

एक विचारायचं होतं. संध्याकाळी फोन केला तर तू उचलत नाहीस. घरभर रेंज असून असं का, ते कळेना. पेटी बंद तर ठेवत नाहीस ना? तिचा हिरवा दिवा सतत लागलेला असला पाहिजे. पेटीवर फडका टाकू नकोस, ती तापते. तुझी तब्येत बरी आहे ना, तेही लिही. पहिल्यांदा तेच विचारायला हवं होतं.

लोभात अंतर पडू देऊ नकोस.

तुझा,
कृणाल

---

मनोरी
२७ डिसेंबर २०२४

चि. कृणालास अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. दिवा हिरवा आहे. फडका टाकला होता, काढला.

संध्याकाळी मी बंदरावर जाऊन बसते, म्हणून फोन उचलला जात नाही. घरात बसून कंबर धरते. तिथे वारा लागतो. बायका असतात, गप्पा होतात. तू म्हणायचास ना, जरा बाहेर पडत जा, तसे पडते आहे.

दिपेश रात्री जेवला की पेटीखाली येऊन बसतो. मला एकदा फोनवर आंबोळ्या कशा करतात ते दाखवले. मी म्हटले, अरे मी त्या चाळीस वर्षे करते आहे. पण पाहिले, चांगल्या करत होती ती बाई.

सुकट सोबत आहे. चांगली भाजून घे.

पोटभर जेव आणि आम्हाला मनात ठेव.

आये

---

मनोरी
६ जानेवारी २०२५

कृणालदादा,

नमस्कार बिमस्कार केलाच असं समजून घे. तुझ्या पत्रात एक वेलांटी चुकत नाही, माझ्यात चुकेल, हसू नकोस.

काकीने शपथ घातली होती की तुला कळवायचं नाही, पोराने एवढं फिरून केलंय, त्याचं मन मोडेल. पण मला राहवत नाही. दादा, तुझ्या नव्या कंपनीने समुद्रात वाट लावलीय. खाडीच्या बाहेर गेलं की काकांचा फोन मेलेला आणि आमच्या दिपेशचाही. रिंग येतच नाही. ज्या दिवसापासून बदललं त्या दिवसापासून एकदाही आली नाही.

काकी वारा खायला जात नाही. चार वाजले की फोन पुन्हा त्या खिळ्याला टांगते, जणू तिथे रिंग येईल. मग नाही आली की बंदरावर जाऊन उभी राहते. दुसऱ्या बायका आपापल्या रिंगवर येतात आणि जातात, ही तिथेच. गेल्या आठवड्यात बोटीच्या पंख्यात जाळं गुंतलं आणि बोट काळोख पडून गेल्यावर आली. आधी काका बाहेरूनच रिंग द्यायचे, उशीर झाला तर दोन द्यायचे, म्हणजे काळजी नको. त्या दिवशी काहीच नाही. काकी पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरून उभी होती. मी शाल घेऊन गेले तर मला म्हणाली, घरी जा, तुला सर्दी होईल.

जुन्या कंपनीत लगेच परत जाता येत नाही, तीन महिने थांबावं लागतं असं गल्लीवरच्या दुकानदाराने सांगितलं. दिपेश म्हणतो गप्प बस. तो क्रिकेट बघतोय यार, तो कशाला बोलेल.

रागावू नकोस. तू घरभर रेंज बघितलीस, अगदी मोरीतली बघितलीस. बोटीवर तेवढी बघायची राहिली.

तुझीच,
रोशनी

---

भांडुप (प.)
९ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
कृणालचा सा. न. वि. वि.

तुम्हाला मी पहिल्यांदाच पत्र लिहितो आहे. घरात मी असतो कुठे, असं तुम्ही म्हणाला होतात. आयेने ते मला कळवलं होतं. मी वाचलं आणि पुढे गेलो.

शनिवारी रात्री येतो. रविवारी पहाटे मला बोटीवर न्या. उलट्या होतील हे मला माहीत आहे. तीन फोन घेऊन येईन आणि कुणाच्या मध्ये येणार नाही. जुन्या कंपनीचं नवं सिम माझ्या नावावर घेतलं आहे. तुमच्या फोनमध्ये दुसऱ्या सिमची जागा आहे, ती मी दिवाळीत पाहिली होती. पण यावेळी आधी समुद्रात बघेन, मगच घालीन.

रिंग येत नाही हे मला रोशनीने कळवलं, आयेला तिचं नाव सांगू नका.

कृपा असू द्या.

कृणाल

---

भांडुप (प.)
१४ जानेवारी २०२५

प्रिय रोशनी,

तू विचारलंस बोटीवर काय झालं. दिपेशने तुला त्याचं सांगितलंच असणार, आता माझं ऐक.

खाडीच्या तोंडाशीच मला पहिली उलटी झाली. दिपेशने लगेच लिंबू पुढे केलं, तो घरूनच घेऊन आला होता. बाबांनी मला सुकाणूपाशी त्यांच्या पायाजवळ बसवलं आणि पाण्याची बाटली दिली. तिन्ही फोन पिशवीत घालून गळ्यात अडकवले होते, आये खिळ्याला टांगते तसेच.

नवी कंपनी खाडी सुटताच गेली. तिसरी थोडी पुढे. जुनी मात्र येत राहिली. गोराईच्या पॅगोड्याचा कळस बारीक झाला, मागचा डोंगर त्याच्या बरोबर पाठीशी आला आणि मग तीही गेली. मी तो डोंगर बघतोय हे पाहून बाबा म्हणाले की हीच जागा. परतताना इथे आलो की हात आपोआप खिशात जातो. दिपेशने मग हळूच सांगितलं की एवढे दिवस काका रोज इथे फोन काढायचे, बघायचे आणि परत ठेवायचे.

मी म्हटलं, मला सांगायचं ना. त्यावर ते म्हणाले की तू घरात फिरून फिरून एवढं शोधलंस, तुला काय सांगणार. जाळं ओढून झाल्यावर त्यांनी मला एक सांगितलं, ते तू कुणाला सांगू नकोस. नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात उतरते ना, त्या पहिल्या दिवशी दर वर्षी त्यांनाही उलटी होते. अजून होते. आजोबांनी त्यांना हे कुणाला सांगायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून मलाही कधी सांगितलं नाही. मी बोट सोडली तेव्हाही नाही.

परतताना डोंगर कळसाच्या पाठीशी आला तेव्हा सिम आधीच त्यांच्या फोनमध्ये घातलेलं होतं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी घरचा नंबर लावला, एक रिंग ऐकली आणि कापला. तिथून घर दिसत नाही गं. नुसती किनाऱ्याची काळी रेघ दिसते.

घरचा प्लॅन आणि पेटी आहे तशी राहील. बाबांचं आणि दिपेशचं दुसरं सिम तेवढं जुन्या कंपनीचं. दिपेशला सांग, क्रिकेट बंद होत नाही.

तू लिहिलंस ते बरं केलंस. अशीच चुका काढत राहा.

तुझा,
कृणालदादा

---

मनोरी
२३ जानेवारी २०२५

चि. कृणालास अनेक आशीर्वाद.

तू बोटीवर गेलास त्या रविवारी रिंग आली तेव्हा मी चुलीपाशी होते. फोन खिळ्याला नव्हता, तू सांगितल्याप्रमाणे ओट्यावर होता. रिंग नेहमीपेक्षा जराशी लांबली. बाबा वाजते ना वाजते तोच कापतात. तेव्हाच समजले की हात दुसऱ्याचा आहे. भात तीन माणसांचा टाकला. तू मात्र दोन घास खाऊन झोपलास आणि सोमवारी पहाटे उठून पहिल्या फेरीबोटीने खाडीपलीकडे मार्व्याला गेलास. उरलेला भात दुपारी मीच खाल्ला.

आता रिंग रोज येते. बंदरावर मी टोपली घेऊन जाते आणि बोटीबरोबर परत येते. कंबर बरी आहे.

एक ठरवले आहे. बाबांची रिंग आली की मी तुला एक रिंग देत जाईन. उचलू नकोस. उचललीस की तू विचारत बसतोस काय झाले, कुणाला बरे नाही का. काही झालेले नसते. बोट परतीला लागली एवढेच ते असते. रविवारी आळीच्या देखत बोलू, ते वेगळे.

तू तिथे आहेस, हे मला रोज त्या वेळी आठवते. तुलाही आठवत जाईल.

आये

---

भांडुप (प.)
२९ जानेवारी २०२५

तीर्थरूप सौ. आयेस,
सा. न. वि. वि.

रिंग रोज येते. पहिल्या दिवशी हात पुढे गेला होता, पण उचलली नाही. आता फोन खिडकीत ठेवतो. इथे रेंज खोलीभर आहे, तरीही.

खानावळ बंद केली. मिहिरचा जुना कुकर इथेच राहिला होता, तो घासून घेतला. काल रिंग वाजून थांबली आणि मी भात टाकला. सुकट भाजली. शेजारचे नंदकुमार वासाने दारात आले, त्यांना थोडी दिली. दोन शब्द बोललो.

भात मात्र खूप उरला. अंदाज तुझा घेतला होता, तीन माणसांचा.

आठवण येत राहू दे.

तुझा,
कृणाल