खुर्चीत मी, पण मास्कमध्ये

३ जानेवारी १९९१, गुरुवार. अबकैक, सौदी
बॅनर्जी पळाला. युद्ध होणार म्हणून सुट्टी टाकून थेट कलकत्ता. आता आमच्या तेल कंपनीच्या कॅम्पच्या टीव्हीवरचा गुरुवार रात्री साडेदहाचा अर्धा तास कोण करणार? मीच. दोन वर्षं त्याचे विनोद मी लिहून देतोय, हशा त्याला मिळतोय. खुर्ची माझीच आहे, फक्त टीव्ही सांभाळणाऱ्या पिल्लईसाहेबांनी तोंडाने म्हणायचं बाकी.

१० जाने., गुरु.
म्हणाले. इक्बालला.
स्टोअरमधला इक्बाल, दापोलीचा. आधी जेद्दाला, बलद बाजारातल्या हॉटेलात काउंटरवर सात वर्षं हाजी लोकांशी गोड बोलून आलेला. "कदमजी, उसकी आवाज़ में मिठास है. आप लिखते रहिए." लिहीत रहा! संताप झाला नुसता. जेवलो नाही. आवाज गोड आहे, हे मात्र खरं.

१९ जाने., शनि.
युद्ध सुरू. सायरन दोनदा. प्रत्येकाला गॅस मास्क मिळाला. तालमीत मी आठ सेकंदांत चढवला, प्लँटमध्ये पहिला. अर्थात.

२३ जाने., बुध.
उद्या टीव्हीवर मास्क घालून दाखवायचा आहे. इक्बालची छातीपर्यंत दाढी, मास्क चिकटतच नाही, कडेने हवा जाते. सेफ्टीवाला म्हणाला, काढ. इक्बाल शांतपणे म्हणाला, "दाढी नाय काढनार. दुसरा मानूस बगा."
दुसरा माणूस म्हणजे मी! इक्बाल बोलणार, मी मास्क घालून दाखवणार. मग मास्क काढून कार्यक्रमाचा समारोप माझा. चार वाक्यं पाठ केली. सफारी इस्त्रीला. मित्राला सांगून ठेवलं, रेकॉर्ड कर, कॅसेट सांगलीला बायकोला पाठवायची आहे.

२४ जाने., गुरु. (रात्री दोन)
झोप येत नाही, म्हणून लिहितोय.
मास्क चढवला, पट्टे ओढले. आता काढणार, एवढ्यात सायरन. खराखुरा. कॅमेरावाला खाली बसला. मास्क काढायची सोय नाही. आणि इक्बाल बिनमास्कचा, हलला नाही. कॅम्पभर ऐकू जाईल असं सांगत राहिला, खिडक्या लावा, ओला टॉवेल दाराखाली, मास्क असा घाला, या भाऊंकडं बगा. मी पट्टे दाखवतोय, घामाने काच धूसर. अर्धा तास. मग धोका टळल्याचा भोंगा वाजला, तोवर कार्यक्रमाची वेळ संपली होती.
मला वाटलं होतं, तो घाबरेल. घाबरला नाही. मानायला हवं खरं.

२५ जाने., शुक्र.
मेसमध्ये सगळे इक्बालच्या गळ्यात पडत होते. मला एकाने विचारलं, "कल आप शेल्टर में थे क्या?"
मी 'हो' म्हणून मान हलवली. का हलवली, देव जाणे.

२८ फेब्रु., गुरु.
लढाई थांबली. पिल्लई म्हणतात, रमजाननंतर पुन्हा ठरवू, कोण बसणार ते. अर्ज द्या. देणार. माझ्यासारखा लिहिणारा आणि बोलणारा या कॅम्पात दुसरा नाही, हे मी आजही म्हणतो.

७ मार्च, गुरु.
सांगलीहून आलेल्या माणसाबरोबर सुमनचं पत्र. शेजाऱ्यांच्या व्हीसीआरवर कॅसेट पाहिली म्हणे.
"ते दाढीवाले फार छान बोलतात. बाळू मास्कवाल्याला घाबरून रडला. मी म्हटलं, अरे, हे बाबा. घड्याळ उजव्या हाताला, ते पण आतल्या बाजूला, असं कोण घालतं? पट्टे दाखवताना तुमचे हात कापत होते. इतकी भीती होती, तर पत्रात का नाही लिहिलंत? तोंड कधी दाखवणार?"
चार वेळा वाचलं.
संध्याकाळी इक्बाल आला. मी पत्र वाचून दाखवलं, ते दाढीवाल्यांचंसुद्धा. तो म्हणाला, "भाऊ, मी अर्ज नाय देत. स्टोअरचाच माल लई हाय."
"द्या," मी म्हटलं. "तुम्ही नसताना खुर्ची मिळाली, तर ती मला काय कामाची?"
तो हसला आणि निघून गेला. त्याने अर्ज दिला की नाही, मला माहीत नाही. माझा पिल्लईंच्या टेबलावर आहे.