अस्सल केडीएम

विटा, रविवार, दिवेलागण

शेजारी गाडी काढतायत, तोवर खरडतो. मन दुसऱ्या कशात लागत नाही.

माझ्या छोट्या वाफेच्या इंजिनाचा बॉयलर सकाळी दाजींनी जोडून दिला, चांदीचा डाख देऊन. उभी हयात दक्षिणेकडं सोनं-चांदी गाळण्यात गेलेला माणूस, हात सुरेखच. पण ज्योत हलते म्हणून खिडकी लावून घेतली, आणि मी पाणी आणेपर्यंत स्वतःच्या पिशवीतली डाखाची जुनी कांडी वापरून मोकळे. माझी नवी कांडी तशीच पडलेली.

त्यांच्या कांडीवर ना नाव, ना रंगाची खूण. नुसतं बघून ओळखायचं कसं? विचारलं, तर म्हणाले, "केडीएम हाय रं. पाण्यागत पळतंय."

म्हणजे डाखात कॅडमियम. त्याचा धूर फुप्फुसं जाळतो, मी सांगितलं. दाजी हसले. "तुझ्या ताईच्या पाटल्या केडीएमच्याच हायत. काय झालं तिला?"

पाटली घालणं वेगळं, धूर ओढणं वेगळं. पण आमच्याकडं केडीएम म्हणजे चोख मालाची खूण. मी विष म्हणतो, त्यांना ती शिफारस वाटते. खिडकी मग उघडली मी. उपयोग काय?

आत्ता ताईचा फोन आला. दाजींना हुडहुडी भरलीय, छाती आवळलीय. म्हटलं, दवाखान्यात ने, कॅडमियमचा धूर गेलाय म्हणून सांग, मी निघालोच.

उलट तीच मला धीर देत होती. "घाबरू नगंस. भेसळीचं न्हवतं म्हणत्यात. अस्सल केडीएम होतं."