यरीहोचा उतार

मी, खाली सही करणारी, निवृत्त भूगोल शिक्षिका, विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके ठिकाणावर आहे. कोणी फूस लावलेली नाही की दडपण आणलेले नाही. राग मात्र आहे. रागाने मृत्युपत्र रद्द होत नाही असे वकील म्हणाले, म्हणून तो लपवत नाही.

माझा अंत्यविधी माझे थोरले दीर, म्हणजे आमच्या चर्चचे पाळक, करतील हे धरून चालते. तो उरकला की तिथेच, सगळ्यांसमोर, वकिलांनी हा कागद मोठ्याने वाचावा. एकही ओळ गाळू नये.

किरकोळ आधी. पुस्तके आणि नकाशांच्या वह्या शाळेला. यजमानांची सुतारकामाची हत्यारे, रंधा आणि पटाशा धरून, त्यांच्या कारखान्यातल्या जोडीदाराला. जाऊबाईंना माझा कुकर. त्याचे झाकण त्यांनी नेले ते आणलेच नाही, तेव्हा आता दोन्ही एका घरात नांदतील. बँकेतली ठेव त्यांच्याच मुलीला. "काकू, जेवलीस का?" असे विचारायला त्या घरातून ती एकटीच येत असे.

आता लाकडी नकाशा. बायबलमधल्या प्रदेशाचा हा नकाशा आम्ही नवराबायकोने संडे स्कूलसाठी केला. यजमानांनी डोंगर कोरले, मी कागदाचा लगदा लावून उतार घडवले. येशूने वादळ शांत केले हे मुलांना पाठ होते. ते वादळ येते कुठून, हे मात्र गालील सरोवराच्या खळग्यात पाणी ओतून, कागदी होडी सोडून डोंगराच्या खाचेतून फुंकर मारली तेव्हा कळले. "बाई, होडी बुडाली!" म्हणून एक मुलगी ओरडली. शिष्य का घाबरले ते त्या वर्गाला पुन्हा सांगावे लागले नाही. भाऊजींनी नकाशा जिन्याखाली टाकून दिला. म्हणाले, "बायबल विश्वासाने वाचायचं असतं, पट्टी घेऊन नाही." तो नकाशा मी त्यांनाच देते. का, ते सांगते.

आमचे चर्च टेकडीवर, पाळकांचे घर पायथ्याशी, माझे घर उताराच्या मध्यावर. तळमजल्यावर इस्त्रीवाल्याचे दुकान. दर रविवारी उपासना सुटली की भाऊजी चर्चला कुलूप लावून सगळ्यांच्या शेवटी उतरतात आणि जाताजाता आपला पांढरा झगा इस्त्रीला टाकतात. अशाच एका रविवारी यजमान दुकानासमोर छातीत कळ येऊन पालथे पडले. मी शाळेच्या सहलीबरोबर गेले होते. इस्त्रीवाल्याने त्यांना कपड्यांच्या हातगाडीवर घालून दवाखाना गाठला. थोडे आधी आणायला हवे होते, असे डॉक्टर म्हणाले.

भाऊजी तिथून गेल्याचे लोकांनी पाहिले होते. ते म्हणाले, "वर एक कुटुंब प्रार्थनेसाठी थांबलं होतं, मी घाईत वर निघालो होतो. वाटलं, कोणी दारुडा पडलाय." सख्ख्या भावाची पाठ त्यांनी ओळखली नाही, हे मी एक वेळ मान्य करते.

पण यजमानांच्या अंत्यविधीला त्यांनी उपदेशासाठी काय निवडावे? यरीहोच्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या आणि एका परक्याने उचलून वाचवलेल्या माणसाची गोष्ट. आणि बाजू घेतली ती त्याला टाळून गेलेल्या याजकाची! त्याला म्हणे मंदिरात सेवेला जायचे होते, तो माणूस मेलेला निघाला असता तर शिवून विटाळला असता. मी पहिल्या बाकावर बसले होते. ते मंदिर यरुशलेमात. यरुशलेम डोंगरावर आहे, यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली. गोष्टीतला याजक त्या वाटेने उतरत होता. म्हणजे मंदिर त्याच्या पाठीमागे होते, सेवा उरकली होती, तो घरी चालला होता. त्याला कसलीच अडचण नव्हती.

तेवढ्यात माझे लक्ष भाऊजींच्या झग्याकडे गेले. तो चुरगळलेला होता. दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीवाल्याला विचारले.

"या खेपेला पाळकांचा झगा आला नाही का?"

"येत होता की, बाई. काखेत घेऊन खाली येत होते. घ्यायला म्हणून मी बाहेर आलो, तर ते रस्त्याच्या पलीकडे गेलेले आणि साहेब माझ्या पायाशी."

तेव्हा घराची व्यवस्था अशी. दुकानाची जागा इस्त्रीवाल्याला, विनाअट. वरच्या दोन खोल्यांवर भाऊजींचा डोळा आहे, पडद्यांची मापेही घेऊन झाली आहेत. त्यांनी आत्ता, इथेच, लाकडी नकाशा समोर घेऊन यरुशलेमवर बोट ठेवावे, ते रस्त्याने यरीहोपर्यंत उतरवावे आणि म्हणावे, "मीसुद्धा खालीच येत होतो." म्हटले, तर खोल्या त्यांच्या. मग रोज त्याच उताराने, त्याच दुकानासमोरून घरी यावे. तोंड उघडले नाही, तर खोल्याही इस्त्रीवाल्याच्या.

यावरून मी क्षमा केली असे कोणी समजू नये. क्षमा ज्यांच्याकडे मागायची ते रस्त्यावर पडले होते, आणि भाऊजींना थांबायला सवड नव्हती.

इस्त्रीवाल्याला लाभ मिळतो म्हणून साक्षीदार करता आले नाही. घरातले कोणी घ्या, दीर आहेत ना, असे कोणीतरी सुचवले. पण समोरचे दिसणे ही साक्षीदाराची पहिली अट आहे.

साक्षीदार: (सही) शाळेच्या ग्रंथपाल बाई
साक्षीदार: (सही) समोरच्या इमारतीतले दातांचे डॉक्टर
मृत्युपत्र करणार: (सही) निवृत्त भूगोल शिक्षिका

ठिकाण: उताराच्या मध्यावरचे घर, खिडकीजवळ.
दिनांक: महिन्याचा दुसरा रविवार, उपासना सुटल्यावर. भाऊजी कुलूप लावून खाली येत आहेत. काखेत झगा आहे.