द्वारकाबाई धरून सगळे सुखी होवोत

२१ एप्रिल १९५७. सांगवी.
नात झाली! माझ्या हिंदुरावाला मुलगी झाली. सून चंद्रा म्हायेरी इंदापुरात बाळंत झाली, यष्टीच्या कंडक्टरनं निरोप आनला. सगळ्या वस्तीत साखर वाटली. वस्तीतले वडीलधारे म्हस्कूतात्या म्हनले, दगडाबाई, एवढी नाचू नको, कंबर धरंल.
धरू दे.
आता लिवायचं कारन. आमी धम्माची दीक्षा घेतली, जुने देव नीरंच्या पान्यात सोडले. परवा पुन्याचे उपासक आले हुते. म्हनले, देव सोडले तसा राग सोडा, मत्सर सोडा. रोज मन तपासा, लिवता येत आसंल तर लिवून काढा. रातच्या शाळंत मला अक्षरं आली हायेत, म्हनून लिवते. मत्सर माझ्यात न्हायच. राग आला तर लिवीन.

२४ एप्रिल.
इंदापूरला जाऊन आले. पोरगी गोरी, जावळ दाट, नाक माझं. विहीन द्वारकाबाई म्हनली, नाक आमच्या आईवानी हाय. तिच्या आईचं नाक मी बघितलंय. असू दे.
घ्यायला गेले तर म्हनली, हात धुवून या, नर्सबाईनं सांगितलंय. धुतले. तोवर पोरगी झोपली. उठली तर म्हनली, आता पाजायची हाय. पाजली, तर माझ्या यष्टीचा टाइम झाला. नात मांडीवर न घेता परत आले.
छातीत जळजळ हुती. द्वारकाबाईच्या आमटीत मिरची लई.

२६ एप्रिल. पहाटे.
नवा नेम. उपासकांनी सांगितलेली मैत्री करायची. डोळं मिटून म्हनायचं, सगळे प्रानी सुखी होवोत. मुंग्या सुखी होवोत. पाटलाचा मारका रेडा सुखी होवो. बाजंतले ढेकूनसुद्धा, जरा लांब जाऊन. लई हलकं वाटलं.
द्वारकाबाईचं नाव येगळं घेतलं न्हाय. सगळ्यात ती आलीच की.

३० एप्रिल.
म्हस्कूतात्यांनी नाव ठेवायचं नक्की केलं. वैशाखी पुनवंला, इंदापुरात, नव्या पद्धतीनं. आत्यानं कानात कुर्र करायचं आन पाठीत धपाटे खायचे, ते बंद. पंचशील म्हनायचं आन घरातल्या थोर बाईनं मोठ्यानं नाव सांगायचं. थोर बाई मीच, बापाची आई.
नाव काढून ठेवलंय. गौतमी. कुनाला सांगितलं न्हाय. चोरी करू नये असं पंचशीलात हाय, पर द्वारकाबाईनं ते किती मनावर घेतलंय कुनाला ठावं.
माझ्या आईची लेकरं जगत नव्हती, म्हनून मला दगडा म्हनली. म्हंजी कुनाची नजर लागू नये. लागली न्हाय खरी, बघतंयच कोन दगडाकडं. शाळंत गुरुजींनी पहिल्यांदा नाव लिवायला लावलं तवा पोरं हासली हुती. माझ्या नातीचं नाव घेताना तोंड गोड झालं पायजे, आन ते पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं पायजे. बाकी मला कायबी नको.
द्वारकाबाईला न मागता द्वारका मिळालं. असू दे. मत्सर न्हाय.

६ मे.
नातीसाठी शिवत हुते ती वाकळ पुरी झाली. ह्यांचा पटका, माझं हिरवं लुगडं. ऊब हाय. बारामतीहून आलेला हिंदुराव सांगत हुता, सासूबाईनं लेसचा फ्राक घेतला. उन्हाळ्यात लेस टोचंल पोरीला. मी बोलले न्हाय, फकस्त सगळ्या वस्तीला सांगितलं.
मिसरी सोडनार हुते. नाव ठेवल्यावर सोडीन.

१२ मे.
मत्सर पुरा जिंकला. उद्या सगळ्यांना दाखवनार हाय. उपासक म्हनले हुते, जे लई आवडतं ते द्यावं, मग मन मोकळं हुतं. म्हनून भर बैठकीत म्हननार, द्वारकाबाई, नाव तुमीच सांगा. ती न्हाय न्हाय म्हनंल. मी परत म्हनीन. ती परत न्हाय म्हनंल, आपल्यात मान दिला की दोनदा परतवतातच. मग मी मोठ्या मनानं ठेवून घेईन. दान बी हुईल, नाव बी ऱ्हाईल.

१३ मे. पुनव. इंदापूर.
पंचशील झालं. मी उठले, म्हनले, द्वारकाबाई, नाव तुमीच सांगा.
ती म्हनली, बरं.
एकदाच. बरं. पदर सारखा केला आन म्हनली, विशाखा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हस्कूतात्या म्हनले, बघा, मन असावं तर दगडाबाईचं.
मागनं ती माझा हात धरून म्हनली, विहीनबाई, मी तुमालाच नाव सांगा म्हननार हुते, पर जुनं मानपान आता कशाला, तुमी मनापासनं म्हनला तर परतवू कशी?
विशाखा नाव चांगलं हाय. तेच तर.
गौतमी तोंडातच ऱ्हायली. वर पेढा खाल्ला.

१४ मे. सकाळी.
मत्सर न्हाय, हे दाखवायलाच निघताना म्हनले, द्वारकाबाई, पोरीसंगं तुमीबी या सांगवीला, महिनाभर ऱ्हावा. हे नुसतं म्हनायचं असतं. लेकीच्या घरी आई ऱ्हात न्हाय, आजवर कुनी ऱ्हायली न्हाय. यष्टीत लई मोकळं वाटलं.

९ जून. सांगवी.
आज माझी नात घरी आली. चंद्रा उतरली, लेकरू उतरलं, पाठोपाठ ट्रंक उतरली. ट्रंकंपाठोपाठ द्वारकाबाई.
म्हनली, लेकीच्या घरचं पानी पिऊ नये ही जुनी रूढ, आपन सोडली. तुमी एवढ्या मायेनं बोलावलं.
मी म्हनले, या की. (खोटं बोलू नये, हे उद्यापासनं.)

१० जून. पहाटे.
वाकळ पोरीला लई आवडली. निजलीय तिच्यावर. वाकळ द्वारकाबाईच्या मांडीवर हाय.
मी हळूच कानाशी गौतमी म्हनले. पोरगी रडाय लागली. द्वारकाबाई विशाखा म्हनली तशी गप झाली, आन हासली. दात न्हाईत, तरी हासली. नाक माझंच हाय.
डोळं मिटून मैत्री केली. मुंग्या, रेडा, ढेकून सुखी होवोत. आज द्वारकाबाईचं नाव येगळं घेतलं. द्वारकाबाई सुखी होवोत, त्यांच्या घरी, इंदापुरात.
आता मनात कायबी न्हाय. मिसरी लावून घेते. हिंदुराव उठला की त्याला इंदापूरच्या यष्टीचा टाइम इचारायचा. सहज.