जावयाच्या गाडीचं सरळ केलेलं तोंड

मोहम्मद बिन झायद सिटी, अबू धाबी

श्री. हणमंतराव यांना सदाशिव मोहित्याचा मान खाली घालून नमस्कार.

तुमच्या गुडघ्यांची विचारपूस आधीच करून घेतो, पुढे ती सुचेलसं वाटत नाही. विहीणबाईंनी दिलेलं मेतकूट संपत आलं. आमची वैभवी आणि आपली नात मिहिका मजेत आहेत. तुमचे चिरंजीव, म्हणजे आमचे जावई सुयशराव, तेही बरे आहेत, फक्त हसत नाहीत. त्याला कारण मी आहे, आणि हे त्यांना ठाऊक नाही.

त्यांची ती जुनी अमेरिकन मसल कार तुम्ही व्हिडिओ कॉलवर पाहिली असेल (दोनच दारं, हातभर लांब वाटावं म्हणता म्हणता संपतच नाही असं बॉनेट, आणि चालू केली की शेजारचं बाळ जागं होतं). तिच्या मागच्या चाकांना आपल्या एस.टी.सारखे कमानपाटे होते. वळणावर मागची बाजू घसरते म्हणून ते काढून, अ‍ॅक्सल चार दांड्यांनी धरायचा आणि वजन स्प्रिंगांवर घ्यायचं, असं सुयशरावांनी ठरवलं. डेपोत एकतीस वर्षं पाटे बदललेल्या माणसाला हे लागलं. पाट्यांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं?

काम मुसफ्फा या जवळच्या कारखान्यांच्या भागात, युसुफच्या गॅरेजमध्ये होतं. युसुफ रत्नागिरीकडचा, हाताचा फार स्वच्छ, आणि वडीलधाऱ्यांना उलट बोलायचं नाही अशा वळणाचा (तेच नडलं). शेवटच्या दिवशी सुयशरावांना ऑफिसात मीटिंग होती. "बाबा, तुम्ही फक्त बसून राहा," असं सांगून ते गेले. मी पंचवीस मिनिटं बसलो.

मग वाकून पाहिलं, तर डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या गोळ्याचं, तोंड जरासं वर उचललेलं. लेव्हल लावली. वाकडंच! युसुफ म्हणाला, "चाचा, मुद्दाम ठेवलंय. गिअरबॉक्सच्या उताराशी जुळवून. सुयशभाईंनी माप दिलंय." मी म्हणालो, "तुझ्या जन्माआधीपासून मी गाड्यांखाली झोपतोय." (हे वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात.) तो "तुमची मर्जी" म्हणाला आणि वरच्या दोन दांड्यांचे आटे फिरवून त्याने तोंड सरळ केलं. मी समाधानाने चहा मागवला.

शनिवारी मिहिकाच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला आम्ही सगळे दुबईत ऊद मेथाला निघालो. ऐंशीपर्यंत गाडी लोण्यासारखी. नव्वदला पायाखाली घरघर सुरू झाली आणि शंभरला आरसा, वैभवीची पर्स आणि केकचा डबा सगळं थरथरायला लागलं. मिहिका ओरडली, "आजोबा, माय टीथ आर डान्सिंग!" माझेही नाचत होते, पण माझे काढून खिशात ठेवता आले.

परतताना गाडी थेट युसुफकडे. दोन गिऱ्हाइकांसमोर सुयशराव त्याला नको ते बोलले. तोंड सरळ केल्यानेच ही थरथर, दिलेलं माप कुणी बदललं, म्हणून विचारलं. युसुफने माझ्याकडे पाहिलं. मी चाकाचे नट मोजत होतो. तो म्हणाला, "चूक झाली, भाई." सुयशराव म्हणाले, "खलास. आता काम दुसरीकडे देतो, आणि क्लबमध्येही सगळ्यांना सांगतो." युसुफचं निम्मं काम त्या जुन्या गाड्यांच्या क्लबमधूनच येतं.

घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "बाबा, तुम्ही तिथेच होतात ना?" मी म्हणालो, मला डुलकी लागली होती.

हणमंतराव, आयुष्यात मी डुलकी कामावर कधी काढली नाही. काढली असती तर बरं झालं असतं.

आपला, तोंड दाखवायला लाजणारा,
सदाशिव

ता. क. : पत्राचं खरं कारण असं, की तुम्ही सुयशरावांचे वडील. तुम्हीच फोन करून त्यांना हे हळूच सांगावं. "सासऱ्यांचं वय झालंय" असं म्हणालात तरी चालेल.

ता. क. दुसरा : वरची विनंती वाचून पाहिली. एक युसुफ माझ्या जागी उभा राहिला, आता तुम्हालाही उभं करतोय. फोन करू नका. सुयशराव ऑफिसातून आले की मीच सांगतो. (चार पानं पुन्हा लिहायचा धीर नाही, म्हणून काही खोडलं नाही.)

ता. क. तिसरा : सांगितलं. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग चावी उचलून म्हणाले, "यल्ला, चला बाबा. युसुफला तुम्ही सांगायचं. माफी दोघांनी मागायची." हे मी गाडीतूनच लिहितोय. मुसफ्फा इथून हाकेवर आहे, पण त्यांनी मुद्दाम हायवेचा वळसा घेतलाय आणि काटा शंभरावर ठेवलाय. अक्षर लागलं नाही तर दोष गाडीचा नाही, सुयशरावांचा नाही, आणि युसुफचा तर नाहीच नाही.