खर्जावरचं बोलणं

बुधवार, ८ जानेवारी १९९७, संध्याकाळ

डोकं ठिकाणावर नाही. उद्या कॉलेजात ऑपेरा कसा जन्मला ते शिकवायचंय. इटलीतल्या चार विद्वानांना वाटलं, जुनी ग्रीक नाटकं गाऊनच होत असणार. सूर कुणालाच ठाऊक नव्हते, मग अंदाजानेच सुरुवात केली. खाली वाद्याने खर्ज धरायचा, वर नटाने शब्द बोलल्यासारखे गायचे. धड गाणं नाही, धड बोलणं नाही. पोरांना हे कसं पटवू?

तसल्या ऑपेराची कॅसेट लावली तर आई वैतागली, "अरे, हा गातोय की भांडतोय?"

मला मात्र तो खर्जच छळत होता. आतल्या खोलीत वडील, आमचे अण्णा, पडलेले. दिवाळीत अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून वाचा गेलीय. फुलबाजारात झेंडू विकताना ज्यांची सुरातली हाक पार गोदावरीपलीकडे जायची, ते अण्णा! डॉक्टर म्हणतात, बोलतं करा. कसं करू?

कॅसेट रिवाइंड केली. पुन्हा तोच खर्ज. आणि आतून, झेंडूच्या हाकेच्याच चालीत, अण्णांचा आवाज आला, "बंद... कर... ते!"

आई रडायलाच लागली. अण्णांचं न ऐकता मी आवाज वाढवला.