पाद्र्याचं घर आणि एक फळी

अण्णा, यंदा दिवाळीला इथे न्यू जर्सीत, मुलाच्या घरामागच्या अंगणात, आम्ही किल्ला केलाच नाही. इंग्लंडातल्या खेड्यातल्या एका पाद्र्याचं जुनं घर केलं. नात आर्किटेक्चर शिकते, तिच्या अभ्यासाला ते घर आहे. ती फोटो बघून सांगायची, मी चिखल थापायची. काय घर आहे हो! मधला भाग सगळ्यात जुना, दगडी, बुटका, अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखा. पुढे कुण्या पाद्र्याने त्याला विटांचं उंच तोंड दिलं, सारख्या खिडक्यांच्या दोन रांगा. त्यातली एक बुजलेली दिसली म्हणून मी चमच्याने कोरायला गेले, तर आतलं धुराडंच खाली आलं. "आज्जी, नो! ती खोटी खिडकी आहे. मागे फायरप्लेस आहे, खिडकी नुसती शोभेला!" म्हटलं, म्हणजे कवळी लावून हसायचं की गं! आणखी एकाने अभ्यासिकेला बाजूने दार पाडलं, दुःख घेऊन आलेल्या माणसाला दिवाणखान्यातल्या पाहुण्यांसमोरून जावं लागू नये म्हणून. मला ते दार फार आवडलं. विचारलं, "आणि घर कुणाच्या मालकीचं?" "चर्चचं. जॉब संपला की, दे हॅड टू लीव्ह."

चिखलाचे हात तसेच घेऊन मी बसून राहिले. शाळेच्या क्वार्टरचं स्वयंपाकघर दिसायला लागलं. आई चुलीपाशी वाकलेली, डोळे लाल, आणि तुम्ही छिन्नी घेऊन सरकारी भिंतीला झरोका पाडताय. आई म्हणते, "परक्या भिंतीवर कसली एवढी मेहनत? उद्या बदली झाली म्हणजे?" तुम्ही म्हणता, "पुढच्या मास्तरलाही बायको असेलच की." मग तपासणीला आलेले साहेब डाफरले, "कुणाला विचारून भिंत फोडलीत?" "धुराला विचारलं, साहेब." साहेब चहा पिऊन हसत गेले. पुढे बदली झालीच. झरोका तिथेच राहिला.

आणि तुमची लेक इथे पाहुणीसारखी राहते. ओट्यावरची कपाटं उंच. मिसळणाचा डबा काढायला रोज स्टुलावर चढते, पण एक खिळा ठोका म्हणून तोंड उघडत नाही. परतीचं तिकीट पर्समध्ये. मुलगा विचारतो, "आई, राहणार की जाणार?" मी म्हणते, बघू.

काल मात्र त्याला म्हटलं, "ओट्याजवळ माझ्या हाताला येईल अशी एक फळी ठोक." सून म्हणाली, "मी कधीची म्हणतेय, आई, तुम्हीच 'कशाला उगीच' म्हणता!" मुलगा ड्रिल घेऊन आला. "म्हणजे राहणार?"

"आधी फळी ठोक."

हे पत्र कुठे पाठवायचंय! खरं सांगू, अण्णा? तिकीट अजून पर्समध्येच आहे. पण आज फोडणीला स्टूल लागलं नाही. डबा जागेवर ठेवला, आणि काही नको असताना उगाच पुन्हा एकदा काढून बघितला.